लॉक असं म्हणाला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतला स्मृतिभ्रंशावरचा लेख वाचला. आजाराची लक्षणं, घरात घ्यायची काळजी, हा भाग चांगला उतरला आहे. तक्रार आहे ती शेवटच्या परिच्छेदाबद्दल. आठवणी गेल्या की ती व्यक्तीच उरत नाही, हे जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं तीनशे वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलंय, असं लेखकानं तिथं ठोकून दिलं आहे. सकाळी साडेसातला तो परिच्छेद आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि आठच्या आत धाकट्या भावाचा फोन. "ताई, वाचलंस? मी म्हणत होतो तेच निघालं. आई आता आपल्यात नाहीच म्हणायची."

आई तेव्हा शेजारच्या खोलीत चहात बिस्कीट बुडवत बसली होती.

मी अठ्ठावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलं. परीक्षेला येवो न येवो, लॉकवर दर वर्षी दोन तास घ्यायचेच, कारण एरवी पेंगणारी पोरंही त्या तासाला जागी व्हायची. म्हणून हे पत्र. लेख धडधडीत खोटा असता तर सोडून दिलं असतं. तो अर्धा खरा आहे, आणि पंचाईत तिथंच आहे.

लॉकचा 'मानवी आकलनाविषयीचा निबंध' बाहेर आला डिसेंबर १६८९ मध्ये. छापलेलं साल १६९०. लेखकानं ज्याचा आधार घेतलाय ते प्रकरण त्या पहिल्या आवृत्तीत नव्हतंच. डब्लिनचा विल्यम मॉलिन्यू नावाचा एक विद्वान लॉकला पत्रं लिहायचा. एखादी गोष्ट 'तीच' आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, यावर तुम्ही जरा सविस्तर लिहा, असं त्यानं सुचवलं आणि १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे प्रकरण आलं. (जन्मांधाला दृष्टी आली तर नुसतं बघून त्याला ठोकळा कुठला आणि चेंडू कुठला हे कळेल का, हा प्रसिद्ध प्रश्नही याच मॉलिन्यूचा. त्याच्या बायकोची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती.) दोघं प्रत्यक्ष भेटले एकदाच, १६९८ च्या उन्हाळ्यात, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मॉलिन्यू गेला. बाकी सगळी मैत्री टपालानं. तेव्हा याच विषयावर एका वाचकानं पत्र लिहावं, यात वावगं काही नाही.

त्या प्रकरणात लॉक 'माणूस' आणि 'व्यक्ती' हे दोन शब्द मुद्दाम वेगळे काढतो. आपल्या लेखात ते एकाच वाक्यात एकमेकांच्या जागी आले आहेत, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. ओकचं रोप आणि पुढं झालेला थोराड वृक्ष यांच्यात कणही सारखा नसेल, पण जगणं अखंड चाललं आहे म्हणून झाड तेच. माणसाचंही तसंच: कण बदलत राहतात, जगणं तुटत नाही, म्हणून माणूस तोच. इथं आठवणीचा संबंधच नाही. पुढं जाऊन लॉक ब्राझीलमधल्या एका म्हाताऱ्या पोपटाची ऐकीव गोष्ट देतो. तिथल्या डच गव्हर्नरानं, प्रिन्स मॉरित्सनं, त्याला विचारलं, तू काय करतोस? पोपट म्हणाला, कोंबड्या राखतो. प्रिन्स हसला, तर पोपटानं कोंबड्यांना बोलावतात तसा आवाजही काढून दाखवला. लॉक म्हणतो, असा पोपट कितीही शहाण्यासारखा बोलला तरी आपण त्याला हुशार पोपटच म्हणू. उलट माणसाच्या घडणीच्या जिवाला जन्मभर मांजराइतकीही अक्कल नसली तरी त्याला माणूसच म्हणू. ज्या तत्त्वज्ञाच्या नावावर लेखकानं माझ्या आईला बाद केलं, त्याचंच हे म्हणणं.

'व्यक्ती' मात्र वेगळी. स्वतःला 'मी' म्हणून ओळखणारी, काल तिथं होतो तोच आज इथं आहे हे जाणणारी, ती व्यक्ती. ही जाणीव मागं जिथवर पोचते तिथवर ती व्यक्ती. राजपुत्राचा जीव त्याच्या सगळ्या आठवणींसकट एखाद्या मोच्याच्या देहात शिरला, तर व्यक्ती राजपुत्राची, पण माणूस मोचीच. आयुष्याचा एखादा तुकडा मी कायमचा विसरलो, तर त्या तुकड्यापुरता माणूस तोच, व्यक्ती ती नव्हे, हेही लॉक स्पष्ट म्हणतो. लेखक अर्धा खरा आहे तो इथं.

पण लॉकला हा वेगळा शब्द हवा कशाला होता? प्रकरणाच्या शेवटाकडे तो सांगून टाकतो: 'व्यक्ती' हा कोर्टकचेरीतला शब्द आहे. कुठलं कृत्य कुणाच्या नावे मांडायचं, शिक्षा कुणाला, बक्षीस कुणाला, एवढ्यासाठी तो लागतो. म्हणून त्याची उदाहरणंही तशीच. दारूच्या नशेत गुन्हा केला आणि शुद्धीवर आल्यावर आठवत नाही, झोपेत चालताना केला आणि आठवत नाही. तरी न्यायाधीश शिक्षा देतो. का? तर लॉकच्या मते, कृत्य सिद्ध होतं, पण खरंच आठवत नाही की सोंग आहे हे कोर्टाला कळायला मार्ग नाही. कयामतीच्या दिवशी, सगळ्यांची मनं उघडी होतील तेव्हा, न आठवणाऱ्या गोष्टीचा जाब कुणाला द्यावा लागणार नाही. मॉलिन्यूला हे पटलं नाही. दारू पिणं हाच मुळात गुन्हा, मग तो दुसऱ्या गुन्ह्याची सबब कसा होईल, असं त्यानं उलट टपाली कळवलं. मला मॉलिन्यूचं बरोबर वाटतं, पण ते असो. सांगायचं ते हे, की स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या डोक्यावर लॉकनं एखादा जुना अपराध किंवा जुना करार लादू दिला नसता. माझ्या आईला तो एवढी सूट देतो. तिच्या उशाशी बसणाऱ्यांनी काय समजायचं, यावर तो एक अक्षर बोललेला नाही.

लॉक आपल्या बाजूनं इंग्रजी भाषेची साक्षही काढतो. वेड लागलेल्या माणसाबद्दल इंग्रज म्हणतात, तो 'स्वतः' नाही, तो स्वतःच्या बाहेर आहे; म्हणजे भाषेलाही तिथं दोन व्यक्ती दिसतात. मराठीत आपण म्हणतो 'तो भानावर नाही', 'डोकं ठिकाणावर नाही'. भान जातं, ठिकाण सुटतं, माणूस जागचा हलत नाही. आणि 'आपल्यात नाही' हे मेलेल्या माणसाबद्दल म्हणतो. त्यातलं 'आपल्यात' म्हणजे आपल्या सगळ्यांमध्ये. भावानं फोनवर नेमकी तीच शब्दयोजना केली, आणि केली हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

लॉकचा शब्द जाणीव आहे, आठवण नव्हे, हेही सांगायला हवं. तेव्हा तो शब्द इतका नवा होता की निबंधाचं फ्रेंच भाषांतर करताना (ते १७०० साली निघालं) पिएर कोस्तला त्याच्या तोडीचा शब्द सापडेना. सदसद्विवेक या अर्थाचा फ्रेंच शब्द त्यानं मध्ये जोडरेघ घालून वापरला आणि खाली लांबलचक टीप जोडली. जाणीव मागं जाते ती आठवणीवरून, हे खरं. पण ती आत्ताच्या घडीलाही असते. सुखदुःख ज्याला कळतं आणि म्हणून स्वतःची काळजी ज्याला वाटते तो 'स्व', हे याच प्रकरणात आहे. चहा जास्त गरम असला की आई कप खाली ठेवते आणि माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घालते. तो 'स्व' नाही तर काय आहे?

लेखकाला सतराव्या शतकातलं कुणी हवंच होतं, तर बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ होती. ती हेगला विजनवासात राहायची. १६४३ मध्ये, चोवीस वर्षांची असताना, तिनं देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाला लिहायला सुरुवात केली. अशरीरी आत्मा शरीराला हलवतो कसा, हा तिचा पहिला प्रश्न सगळे सांगतात. मला तिचं जूनमधलं पत्र जास्त मोलाचं वाटतं. नीट विचार करण्याची शक्ती आणि सवय असलेला आत्मा नुसत्या शरीरातल्या वाफाऱ्यांनी ती सगळी गमावून बसतो, हे कसं? शरीराशी त्याचं काही नातं नाही, शरीरावाचून तो राहू शकतो म्हणता, मग शरीराची त्याच्यावर एवढी सत्ता कशी? स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या नातेवाइकांचा प्रश्न यापेक्षा नेमका कुणी मांडलेला मी तरी वाचलेला नाही. देकार्तनं उत्तर दिलं की आत्मा आणि शरीर यांचं एकपण चिंतनानं कळत नाही, ते रोजच्या जगण्यातून आणि साध्या बोलण्याचालण्यातून कळतं. तिचं यानं समाधान झालं नाही. एकपण आहे हे इंद्रियं सांगतात, कसं आहे ते सांगत नाहीत, असं तिनं परत लिहिलं. तिची ही पत्रं छापून आली १८७९ मध्ये, ती गेल्यावर जवळजवळ दोनशे वर्षांनी.

(शंकराचार्य काय म्हणतात, बुद्ध काय म्हणतो, हे मला ठाऊक नाही असं नाही. त्यावर पुढच्या आठवड्यात आपल्याकडे पत्रांचा ढीग येईलच.)

आता लॉकला अगदी शब्दशः धरू. त्याच्यावरचा सगळ्यात चलाख आक्षेप थॉमस रीड या स्कॉटिश प्राध्यापकाचा, १७८५ सालचा. एका मुलानं बागेतली फळं चोरली, शाळेत फटके खाल्ले. मोठेपणी लष्करी अधिकारी होऊन पहिल्याच मोहिमेत त्यानं शत्रूचं निशाण हिसकावलं. उतारवयात तो जनरल झाला. निशाण घेताना फटके आठवत होते. जनरल झाल्यावर निशाण आठवतं, फटके साफ विसरले. म्हणजे लॉकच्या हिशेबानं जनरल आणि अधिकारी एक, अधिकारी आणि मुलगा एक, पण जनरल आणि मुलगा मात्र एक नाहीत. फळ्यावर क, ख, ग लिहून हे मांडलं की वर्गात हटकून कुणीतरी ओरडायचं, "मॅडम, हे चालणार नाही!"

आमच्या आईचं रीडच्या जनरलच्या उलट झालंय. तिला निशाण आठवत नाही, फटके आठवतात. गेल्या नोव्हेंबरात तिला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं. बाबांच्या मागं तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. मशीन अंगठा घेईना. छ्याऐंशी वर्षांचा अंगठा, रेषा पुसट झालेल्या. पाण्यानं पुसून पाहिला, दुसरी बोटं लावून पाहिली. शेवटी काउंटरवरचा मुलगा अदबीनं म्हणाला, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बघू." आईनं ताठ बसून, शाळेत हजेरी देतात तसं, खणखणीत सांगितलं. माहेरचं नाव. आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहून पहिलं नावसुद्धा बदललं होतं, त्यामुळे तिनं सांगितलेला एकही शब्द पासबुकात नव्हता. मुलगा म्हणाला, "मॅडम, नाव जुळत नाही."

माझ्या आईला आपण कोण हे ठाऊक नाही असं नाहीच. तिला ते पक्कं ठाऊक आहे, फक्त त्या मुलीचं खातं त्या बँकेत नाही. लॉक समोर असता तर त्यालाही कबूल करावं लागलं असतं की इथं व्यक्ती आहे, चांगली धडधाकट बारा वर्षांची आहे. ती माझी आई नाही, एवढाच त्याचा निकाल. 'व्यक्ती उरत नाही' हे त्याच्या कडक हिशेबातही बसत नाही.

मग त्यानं फॉर्म पुढं सरकवला. आईनं पेन घेतलं, चष्मा वर केला आणि हळूहळू सही केली. सासरच्या नावाची, आडनावाखाली रेघ मारून, पासबुकातल्यासारखी हुबेहूब. त्या मुलानं एकदा सहीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि शिक्का मारला.

आपल्याला विनंती एवढीच, की दुरुस्ती छापणार असाल तर त्या परिच्छेदातले 'लॉकनं सिद्ध केलं' हे शब्द काढावेत. लेखकाला स्वतःचं मत म्हणून तसं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. कात्रण भावाला मी पाठवीन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त तर्कशास्त्र शिक्षिका, मिरज