सिडकोतल्या दादांना, कागदी टेपच्या त्या पट्टीबद्दल

दादा, स.न.वि.वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी तुमच्याकडे येण्याआधी जे झालं तेही चारचौघांना कळायला हवं.

दोन महिने घरचा कॉम्प्युटर काम करता करता कधीही निळी स्क्रीन दाखवून अडत होता. एमजी रोडवरच्या एका दुकानात दोनदा फॉरमॅट मारून मिळाला. दुसऱ्या ठिकाणी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलला, आणि तरीही थांबेना तेव्हा ‘मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या’ म्हणून ते मोकळे झाले. नाशिकच्या उन्हावरही खापर फोडून झालं. तापलेला प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि अगदीच असह्य झालं तर मशीन थेट बंद पडतं, एवढं तरी त्यांना ठाऊक असायला हवं होतं. निळ्या स्क्रीनवर खाली लिहिलेला स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, एकानेही वाचला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, ‘दर वेळी एकच कोड येतो का वेगवेगळा?’ मोबाइलमध्ये तीन फोटो होते: मेमरी मॅनेजमेंट, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. एखादा ड्रायव्हर, म्हणजे एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडला असता तर बहुधा तोच कोड आणि तीच फाइल पुन्हा पुन्हा दिसली असती. रॅममधली, म्हणजे चालू कामाच्या मेमरीतली, एखादी जागा खराब असली की त्या क्षणी तिथे जे असेल ते बिघडतं, म्हणून आज हा कोड, उद्या तो. फॉरमॅटनंतर चार दिवस बरे का जायचे, तेही मग उलगडलं. नव्या विंडोजवर फारसं काही चालू नसतं, रॅम भरत नाही, खराब जागेपर्यंत काम पोचतच नाही. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले की पुन्हा निळं.

रॅम तपासणारं मेमटेस्ट86 पेनड्राइव्हवरून चालतं, विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे विंडोजवर आळ घ्यायला जागा राहत नाही. पहिल्या पासमध्ये, म्हणजे तपासणीच्या पहिल्या फेरीत, एकही एरर नव्हता. तिथेच थांबून ‘रॅम ओके’ म्हणता आलं असतं, कुणीही म्हटलं असतं. तुम्ही रात्रभर चारही पास चालू दिले आणि दुसऱ्यापासून लाल ओळी यायला लागल्या. एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून वेग 3200 वरून 2666 वर आणला, तरी त्या आल्याच. मग रॅमच्या 8 जीबीच्या दोन्ही स्टिक (पट्ट्या) एकेक करून, स्लॉट बदलून तपासल्या. एरर स्लॉटपाशी राहिला असता तर दोष बोर्डाचा. तो स्टिकच्या मागे मागे गेला. म्हणजे ‘गेलेला’ बोर्ड धडधाकट होता!

पण मनात घर करून बसलंय ते वेगळंच. खराब स्टिक तुम्ही ड्रॉवरमध्ये टाकली नाहीत. कागदी टेपची बोटभर पट्टी फाडली, तिच्यावर पेन्सिलीने ‘खराब, दोन्ही स्लॉटमध्ये एरर’ आणि तारीख लिहिली. कंपनीचं स्टिकर झाकलं जाऊ नये म्हणून ती स्टिकच्या मागच्या बाजूला लावलीत. मग स्टिक चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून हातात दिलीत आणि म्हणालात, ‘हिला लाइफटाइम वॉरंटी आहे, स्टिकर काढू नका. नवीन विकत घेऊ नका.’ त्याच वेळी तुमच्या मागच्या कपाटात नव्या रॅमचे डबे रचून ठेवलेले दिसत होते.

गिऱ्हाइकाला कळत नाही हे माहीत असूनही त्याला पुरावा दाखवायचा, आणि स्वतःचं नुकसान करून त्याचे पैसे वाचवायचे. असं वागणारी माणसं आपल्या गावात आहेत, हे पैशांपेक्षा मोठं वाटलं. तपासणीचे पैसे घेताना तुम्ही संकोचलात. दादा, मागा, हक्काने मागा. रात्रभर जागून केलेलं ते काम होतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे विंडोजच्या फाइली तपासणारं एसएफसी स्कॅननाऊ चालवलं. खराब रॅममुळे बिघडलेल्या फाइली सापडल्या आणि दुरुस्तही झाल्या. उरलेल्या एका स्टिकवर आज एकोणीस दिवस झाले, एकदाही निळं नाही. वॉरंटीत बदलून आलेली स्टिक कालच हाती पडली. आधी चार पास, मगच रोजच्या कामाला. तुमची ती पट्टी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा.