रानफुलांचीही बातमी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगापूर धरण किती भरलं, दुगारवाडीच्या धबधब्यावर किती गर्दी उसळली, हे आपण दर पावसाळ्यात नेमाने छापता. भाद्रपदात पाऊस ओसरला की डोंगर पानांवरून गायब होतात. कॅलिफोर्नियात हिवाळ्यात चांगला पाऊस झाला, तर वसंतात माणसं रानफुलं पाहायला लांबून येतात. आपल्याकडचा हा बहर पाऊस सरता सरता येतो, आणि तो पाहायला त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या डोंगरापर्यंत गेलं तरी पुरतं.

नुकतेच आम्ही घरची सगळी मंडळी तिथे जाऊन आलो. उतारावर सोनकी पिवळीधमक फुललेली, ओलाव्याला तेरडा. तेरड्याची पिकलेली बोंडं हात लागताच फटकन फुटून बी उडवतात. मुलं त्यातच रमली. वर पठारावर मात्र गुडघे टेकल्याशिवाय काही दिसत नाही. कातळावर बोटभर माती, तीत नत्र जेमतेम. म्हणून सीतेची आसवं ही नाजूक जांभळी वनस्पती मातीतल्या ओलाव्यात इवल्या पिशव्या पसरून सूक्ष्म जीव पकडते आणि त्यांवर पोसते. शेजारी पांढरे गेंद, निळी आभाळी. एवढं सगळं परातीएवढ्या जागेत! चालत राहणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

कंदीलपुष्पाच्या एका जातीला तर अंजनेरीचंच नाव आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. तिची शास्त्रीय नोंद २००६ सालची. कंदीलपुष्पाच्या नळीत शिरलेली माशी आतल्या केसांमुळे अडकते, परागकण अंगावर घेते आणि केस सुकले की सुटते. हे आपल्या उंबरठ्यावर घडतं आणि निम्म्या नाशिकला त्याचा पत्ता नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बातमी आली की गर्दी येईल, ही भीती रास्त आहे. गवतावर घातलेल्या गाड्या आणि फुलांत लोळून रील काढणारे आम्हीही पाहिले. कंदीलपुष्पाचा कंद एकदा उपटला की ते झाड संपलंच. म्हणून दुर्मीळ फुलांच्या जागा मुळीच छापू नयेत. पण सोनकी, तेरडा, कळलावी, कावळा या फुलांची ओळख करून द्यायला काय हरकत आहे? ज्या झाडाचं नाव माहीत असतं, त्यावर सहसा पाय पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा विनंती अशी: श्रावणापासून दसऱ्यापर्यंत आठवड्यातून एकदा एका रानफुलाचा फोटो, त्याचं मराठी नाव आणि चार ओळी माहिती द्यावी. ‘पायवाट सोडू नका, फुलं तोडू नका’ ही सूचना त्याखाली दर वेळी असावी. शहरातल्या महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मजकुराला मदत करतील, याची मला खात्री वाटते.

आपली,
एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक