तेलाच्या पिशवीतलं माप कुठे गेलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत गृहिणींना काटकसरीचे धडे देणारा लेख वाचला आणि रात्री झोपेपर्यंत तोच डोक्यात घोळत राहिला. यादी करून बाजारात जा, एकदम जास्त घ्या म्हणजे स्वस्त पडतं, शिळ्या पोळ्या टाकू नका. लेखकमहाशयांना नम्रपणे सांगते, शिळ्या पोळीचा कुस्करा आमच्या आज्या करत होत्या आणि आम्हीही करतो. यादी न करता महिन्याचं वाणसामान भरणारी बाई माझ्या तरी पाहण्यात नाही. आम्ही काय करावं यावर अर्धं पान आणि दुकानात काय चाललंय यावर एक ओळ नाही, याचा राग आला म्हणून हे पत्र.

त्याच अंकात पहिल्या पानावर बातमी होती, की ऑक्टोबर 2025 चा किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यावर आला. हा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तूरडाळ उतरली, कांदे-बटाटे उतरले, ते मलाही दिसतंय. कांदा उतरला की तो पिकवणाऱ्याचं काय होतं तेही ठाऊक आहे. पण रोज दोन वेळा फोडणीला तेल लागतं आणि तेल उतरलेलं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी कमी झाला तो साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, तूप यांवर. तेलावर आधीही पाच टक्के होता, आजही पाचच आहे.

आमच्या घरी स्टीलची जुनी किटली आहे. तेलाची एक पिशवी ओतली की तेल बरोबर तिच्या गळ्यापर्यंत येतं, इतकी वर्षं तसंच येत होतं. दिवाळीच्या फराळाला नवी पिशवी फोडली तर तेल दोन बोटं खाली राहिलं. रिकामी पिशवी चिमटीत धरून निथळली, तरी तेवढंच. मग चष्मा लावून पिशवी वाचली. 750 ग्रॅम. लिटरभर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. पिशवी तीच, रंग तोच, वरचं सूर्यफूलही तेवढंच मोठं. ही पिशवी 131 रुपयांची आणि शेजारच्या कंपनीची पूर्ण लिटरची 155 ची. दुकानात घाईत उभ्या असलेल्या बाईला 24 रुपये वाचल्यासारखं वाटणार. घरी येऊन हिशेब केला, तर त्याच भावाने 910 ग्रॅमचे 159 रुपये होतात. म्हणजे स्वस्त दिसणारी पिशवी चार रुपयांनी महाग!

यावर कुणी म्हणेल, पाकिटावर एककाचा, म्हणजे एका ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा भाव छापणं बंधनकारक आहे, तो वाचावा. वाचला. किलोच्या आतल्या पाकिटावर तो दर ग्रॅमला छापतात. माझ्या पिशवीवर ‘0.17 रुपये प्रति ग्रॅम’ असं मुंगीच्या अक्षरांत आहे. दशांश चिन्हानंतर दोनच आकडे, त्यामुळे 166 रुपये किलोचं तेल असो की 174 रुपये किलोचं, दोन्हींवर 0.17 च येणार. लिटरच्या पिशवीवर लिटरचा भाव, ही ग्रॅमवर. कुठली बाई गल्ल्यासमोर उभी राहून, मागची रांग थोपवून हा गुणाकार करणार आहे? हा भाव किलोने छापायला कुणाची ना आहे?

पूर्वी तेल, चहा, मीठ, बिस्किटं, साबण अशा वस्तू ठरावीक वजनातच विकायच्या असा नियम होता. वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजनमापांच्या नियमांतलं ते परिशिष्ट केंद्राने काही वर्षांपूर्वी काढून टाकलं. तेव्हापासून 850, 800, 750, ज्याला जे वाटेल ते. भाव वाढवला तर लोक बोलतात, वजन कमी केलं तर कळत नाही, हे कंपन्यांना पक्कं माहीत आहे. माझ्या मते ही सरळ फसवणूक आहे.

आता भावाबद्दल. माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, भाऊ सोयाबीन करतो. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, रिफाइंडवरचं साडेबारावरून साडेबत्तीस. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून, असं सांगितलं गेलं. वहिनीचा फोन आला, “ताई, आता तरी भाव येईल बघा.” इकडे आमच्या भागात त्याच आठवड्यात तेल चढलं. कमी शुल्कात आलेला साठा दीड महिना पुरेल, तोवर भाव वाढवू नका, असं सरकारनेच कंपन्यांना बजावलं होतं. कुणी ऐकलं नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, माल वरूनच वाढून आलाय, मी काय करू. आणि भावाचं सोयाबीन? हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर म्हणून माल परत पाठवला. पुढे ती मर्यादा 15 टक्के केली, तोवर त्याने व्यापाऱ्याला 4,200 च्या आसपास घालून टाकलं होतं. रब्बीच्या पेरणीला पैसा लागतो, थांबणार किती?

शेतकऱ्याच्या पदरात पडत असतील तर पिशवीमागे वीस रुपये जास्त द्यायला मी आनंदाने तयार आहे. पण माझ्याकडून घेतलेले ते पैसे माझ्या सख्ख्या भावापर्यंत पोचले नाहीत. मग गेले कुठे, याचा शोध आपल्या वार्ताहरांनी घ्यावा. मे 2025 च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क निम्मं केलं, तेव्हा चढताना दिसलेली घाई उतरताना दिसली नाही, तेही त्यात लिहावं.

आमचं निभतं. तळण सणावारापुरतं ठेवलं आहे, भाजीत कूट कमी, खोबऱ्याच्या वाटीचे दोन दिवस करते. नारळ ज्या भावाला गेलाय त्यात आणखी काय करणार! पण आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना तुमचा लेख मी कोणत्या तोंडाने वाचून दाखवू? ‘एकदम जास्त घ्या.’ पंधरा किलोच्या डब्याचे पैसे त्यांनी एकदम आणायचे कुठून? त्या सगळ्यात लहान पिशवी घेतात आणि किलोचा सगळ्यात जास्त भाव त्याच मोजतात. सणाला रेशनवर ‘आनंदाचा शिधा’ मिळायचा तेव्हा शंभर रुपयांत किलोभर रवा, चणाडाळ, साखर आणि लिटरभर पामतेल यायचं. 2025 मध्ये तो गणपतीलाही मिळाला नाही आणि दिवाळीलाही नाही. त्यांच्या घरी त्या दिवाळीला करंज्या झाल्या नाहीत. त्यांनी नियोजन केलं नाही म्हणून झाल्या नाहीत असं कुणी म्हणू नये.

जाता जाता आणखी एक. आपल्या अंकात मार्केट यार्डातल्या भुसार बाजाराचे भाव रोज चौकटीत यायचे. तूरडाळ, साखर, शेंगदाणा, तेलाचा डबा. माझे सासरे ती चौकट वाचूनच वाण्याकडे जायचे आणि वाणीही त्यांच्याशी जपून बोलायचा. ती चौकट बंद केलीत. आता त्या जागी सोनं, चांदी आणि शेअर बाजाराचा निर्देशांक असतो. आमच्यापैकी किती जणी रोज सोनं घेतात? ती चौकट पुन्हा सुरू करा, आणि तेलाचा भाव पिशवीचा नको, किलोचा छापा. जागा कमी पडत असेल तर काटकसरीच्या लेखाला दिलेल्या अर्ध्या पानातली चार बोटं पुरतील.

आपली,
एक गृहिणी, बिबवेवाडी, पुणे