मंगळवारी मी खोटं बोलले

ती. आई, बाबा,

मंगळवारी ऑफिसचं ट्रेनिंग म्हणून बॅग भरून निघाले, ते खोटं होतं. मी नागपुरातच आहे, होस्टेलवर. आधी पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार दिली, मग इकडे आले. रागावू नका.

तो मुलगा आठ महिन्यांपासून माझ्या मागे फिरून राहिला. आधी मेसेज, मग बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर रोज उभा. दोनदा स्पष्ट नाही म्हटलं, तर भाषाच बदलली. मागच्या आठवड्यात म्हणाला, तुझे बाबा सकाळी किती वाजता निघतात मला माहीत आहे. त्यानंतर मला थांबवेना.

आई, तू म्हणशील, लक्ष नको देऊ, कंटाळेल. हिंगणघाटची ती पोरगी आठव. फेब्रुवारी २०२० मध्ये भररस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं तिला. आपल्याच नागपुरात दवाखान्यात सात दिवस झुंजली आणि गेली. तू रोज तिच्यासाठी दिवा लावत होतीस.

तक्रार दिली, मग घर का सोडलं? पाठलागाचा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे खरी, पण जामिनावर तो लगेच बाहेर येईल, आणि चिडून येईल. तेव्हा मी तुमच्या दारात नसलेली बरी. खूप विचार केला हो, बाबा. दुसरं काही सुचलं नाही.

खोली चांगली आहे. कूलर आहे, वाळ्याचा वास येतो, डब्यात गरम वरणभात. तुझी सांबारवडी तेवढी नाही, आई. रात्री तुझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपावंसं वाटतं.

आता ऐका. बाबा, त्याच्या वडिलांना समजवायला अजिबात जायचं नाही. त्याला वाटेल, बोलणी सुरू झाली. फिरायला एकटे नाही, शेजारच्या काकांना घेऊन, वेळ बदलून. तो गल्लीत दिसला तर खाली उतरू नका. दार लावा, ११२ ला फोन करा, तारीख-वेळ कॅलेंडरवर लिहा. त्याचा मेसेज आला तर उत्तर नको, आणि पुसायचाही नाही, पुरावा आहे तो. कुणी विचारलं तर मी पुण्याला. बीपीची गोळी चुकवू नका.

ताईच्या वेळचं मनात आणू नका. तेव्हाही तुमचं चुकलं नव्हतं.

रविवारी दुपारी फोन करते. आई, तूच उचल.

तुमची छोटी