मंदीचे भाकीत खंडनिहाय कसे करता?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अर्थविषयक पानावरील जागतिक मंदीच्या भाकिताचा लेख मी दोनदा वाचला. युरोप घसरेल, चीन तग धरेल आणि भारताला जेमतेम झळ लागेल, अशी वाटणी लेखकाने इतक्या निःशंकपणे केली आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही. 2008 मध्येही भारत आणि चीन पाश्चात्त्य अर्थव्यवस्थांपासून सुटे झाल्याचे असेच सांगितले जात होते. 'डीकपलिंग' हा शब्द आमच्यापर्यंत तेव्हाच पोचला. त्या जुलैत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 2009 साठी जागतिक वाढीचा अंदाज 3.9 टक्के दिला होता, आणि प्रत्यक्षात त्या वर्षी जगाचे उत्पादन किंचित आकसले.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून येणाऱ्या ट्रकच्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, मशिनिंग आम्ही करतो. आमचा एकही नग परदेशी जात नाही. त्यामुळे 15 सप्टेंबर 2008 रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केल्याचे वाचले, तेव्हा तो अमेरिकेचा प्रश्न समजून मी पान उलटले. दिवाळीनंतर शेड्यूल, म्हणजे महिन्याला किती नग हवेत याची कंपनीकडून येणारी मागणी, निम्म्यावर आले आणि डिसेंबरात तर ते कोरेच आले. परदेशातला पैसा आटल्यावर मोठ्या कंपन्या कर्जासाठी देशी बँकांकडे वळल्या, ट्रकला कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनी हात आखडला आणि ट्रक विकले जाईनात, ही साखळी मला पुष्कळ उशिरा उमगली. तोवर अकरापैकी सहा कामगारांना मी स्वतः थांबायला सांगितले होते. त्यांतले एक मामा माझ्या वडिलांच्या काळापासून लेथवर होते. ते काही न बोलता डबा उचलून निघाले, ते मी आजही विसरलेलो नाही.

ज्या कंपनीला आम्ही माल दिला होता, तिने आमचे बिल सात महिने थकवले. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा 2006 चा कायदा आहे. पण त्यावर बोट ठेवले असते तर पुढचे कामही गेले असते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2008 ते एप्रिल 2009 या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, 9 टक्क्यांवरून 4.75 टक्क्यांवर आणला, तरी माझ्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या) खात्याचे व्याज अर्ध्या टक्क्यानेही उतरले नाही.

मंदी ऑर्डरींच्या आणि कर्जाच्या वाटेने येते, म्हणून खंडनिहाय वाटणी मला पटत नाही. अमेरिकेतल्या बुडीत गृहकर्जांत जपानी बँका फारशा अडकलेल्या नव्हत्या. तरीही मोटारी आणि यंत्रे यांची निर्यात कोसळल्यामुळे 2009 मध्ये जपानची अर्थव्यवस्था अमेरिकेपेक्षा जास्त आकसली. एकट्या युरोपातच त्या वर्षी लाटव्हियाचे उत्पादन सुमारे 14 टक्क्यांनी घटले आणि पोलंडचे वाढले. हंगेरीत तर लोकांनी घरांसाठी स्विस फ्रँकमध्ये कर्जे घेतली होती, आणि त्यांचे स्वतःचे चलन घसरताच हप्ते फुगले. 'युरोप घसरेल' या दोन शब्दांत यातले काय कळते? कोणाचा माल कोण घेतो आणि कोणाचे कर्ज कोणत्या चलनात आहे, हे लेखकाने देशागणिक तपासायला हवे होते.

आणखी एक. आपल्या अर्थविषयक पानावर शेअर बाजाराला रोज अर्धे पान मिळते, मात्र शिरोली, गोकुळ शिरगाव, चाकण किंवा सातपूर येथील कारखान्यांना त्या महिन्याचे शेड्यूल कसे आले, याविषयी चार ओळीही नसतात. बाजाराचे आकडे आम्हाला दूरचित्रवाणीवरही मिळतात. शेड्यूल आटल्याची बातमी दुसरे कोणी देत नाही.

लेखकाने पुढचा लेख लिहिण्यापूर्वी एक दिवस शिरोलीला यावे. तेव्हाची कोरी शेड्यूल आणि थकलेली बिले मी अजून जपून ठेवली आहेत. ती त्यांना दाखवीन.

आपला नियमित वाचक,
एक लघुउद्योजक, शिरोली (जि. कोल्हापूर)