गच्चीवरचे दोडके आणि अव्याचं छत

मुलुंड (पूर्व)
मंगळवार, रात्री

प्रिय सुमे,

गणपती झाले की फोन करते म्हणाले होते, तो राहिला. रागावायचं तर रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच, कारण यात अव्या आहे. माझा गुडघा बरा, साखर आटोक्यात, यांचं बीपी गोळीवर. झालं.

तर आम्ही बिल्डिंगमधल्या बायका चेंबूरच्या बाजूची एक सामूहिक बाग बघून आलो. आसपासच्या लोकांनी मिळून केलेली, येणाऱ्याने बघून शिकावं म्हणून मुद्दाम मांडलेली. मला वाटलं होतं चार कुंड्या, एक फलक आणि पातळ चहा. चहा पातळच होता. पण बाकी काय सांगू! निळे ड्रम कापून त्यात वांगी, भाजीवाल्यांच्या क्रेटमध्ये लाल माठ, मांडवावर दोडका आणि पडवळ, मांडवाच्या सावलीत अळू. पडवळांच्या टोकांना सुतळीने दगड बांधलेले, वाकडी होऊ नयेत म्हणून. एका उथळ ट्रेमध्ये नुसत्या वाळूत समुद्रमेथी. कोपऱ्यात मायाळू, पिकल्या फळांसकट. एक फळ चुरडून मी तिथेच बोटं जांभळी करून घेतली. ओठांना लावायचं धाडस या वयात होईना. तुझ्या आईचा मायाळू गॅलरीच्या कठड्यावरून खालच्या मजल्यावर उतरला होता आणि त्यावरून जी महाभारतं झाली, ती या बायकांना काय कळणार?

तिथल्या ताई हुशार. वांग्या-टोमॅटोच्या मधूनमधून झेंडू का, तर त्याच्या मुळांमुळे मातीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक किडे, कमी होतात. म्हणजे दसऱ्याची फुलं झाली आणि वांगीही वाचली. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, भोपळ्याचं सकाळी. माश्या फिरकल्या नाहीत तर नरफूल तोडून मादीफुलाला आपणच टेकवायचं. मादीफूल कोणतं, तर ज्याच्या देठाशी बोटाएवढा दुधी आधीच धरलेला असतो ते. यावर शर्माकाकू जे म्हणाल्या ते पत्रात लिहिता येत नाही, फोनवर सांगेन.

खरी गोष्ट मातीची. तिला ते अमृतमिट्टी म्हणतात. मूळ विचार श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातला, म्हणजे शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटातला, दीपक सचदे यांनी पुढे नेलेला. १० लिटर पाणी, १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस ढवळायचं, मग दहापट पाणी घालून त्यात सुका पाला भिजवायचा आणि थोड्या मातीबरोबर थर लावायचे. वर धान्य, कडधान्य, भाज्या असं तऱ्हेतऱ्हेचं बी पेरून २१, ४२ आणि ६३ दिवसांनी छाटायचं आणि छाटलेलं त्याच ढिगात जिरवायचं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली, तेही ताईंनी सांगितलं. म्हणजे मुंबईत, गच्चीवर, होतं. परतीच्या रिक्षात आमची गच्ची पिकूनसुद्धा झाली होती. गोमूत्र मुलुंडात कुठून आणणार एवढाच प्रश्न उरला होता.

आणि मग सातवा मजला, गच्चीच्या थेट खालचा. तिथे कोण राहतं तुला माहीत आहे. (सभेत मी त्याला अविनाशराव म्हणते. हसू नकोस.) कमिटीने परवानगीचा अर्ज फिरवला, त्यावर त्याने एक ओळ लिहिली: आधी माझं छत, मग तुमचे दोडके. मी भांडायच्या तयारीने वर गेले, तर त्याने मला सरळ बेडरूममध्ये नेलं. (पुन्हा हसलीस.) पंख्याच्या हुकाशेजारचं प्लास्टर पडलंय, लोखंड दिसतंय, गंजून फुगलेलं. खाली बादली. सुमे, माणूस खरं बोलत होता आणि मला त्याचाच संताप आला. एरवी अव्या कधी बरोबर असतो का गं?

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. बिल्डिंग १९८८ची, तीस वर्षं उलटलेली, म्हणजे सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, इमारतीच्या मजबुतीची तपासणी. गच्ची गळली तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, हेही उपविधींतच आहे. ऑडिटवाल्यांना विचारलं तर म्हणाले, वापरत्या गच्चीवर चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भार धरलेला असतो, आणि फूटभर ओली माती त्याच चौरस मीटरला पाचशेच्या पुढे जाते. शिवाय पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी, आणि पाणी अडवायला गच्चीवर घातलेल्या कोब्याची कधीच चाळण झालेली. गंमत अशी की बागेसाठी आठ घरं वर्गणी द्यायला तयार आहेत, वॉटरप्रूफिंगचं नाव काढलं की त्यातल्या सहा जणींचे यजमान गावाला गेलेले असतात. मला बाग हवी आहे गं, खरंच हवी आहे. आणि अव्याच्या डोक्यावर स्लॅब पडायला नको, एवढी माणुसकी माझ्यात अजून आहे.

हां, मुख्य राहिलं. बादलीकडे बघत उभे असताना तो म्हणाला, “सुमीची ती चिठ्ठी तू दिली होतीस ना, अजून आठवतं.” घे! वर्षभर अबोला धरलास माझ्याशी, राणीच्या बागेच्या फुलांच्या प्रदर्शनात समोरासमोर आलो तर डेलियांकडे बघत निघून गेलीस. दिली होती मी चिठ्ठी. त्याने उत्तर का नाही दिलं ते विचारायचं होतं, तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. चांगली आहे बाई, दुधी आवडतो म्हणाली.

चिनूची नोकरी लागली हे कळलं, पेढे इथपर्यंत पोचले नाहीत. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं नीट पार पडलं ना? बडोद्यात थंडी पडली का?

आता मिलिंदरावांना जेवायला बसायच्या आधी विचार, नंतर ते झोपतात. कोबा उखडून नवा केल्यावर नुसते क्रेट, सहा इंच पाल्याची हलकी माती, खाली विटा किंवा लोखंडी स्टँड, म्हणजे पाणी तुंबणार नाही, आणि सगळे बीमच्या ओळीवर, कठड्याला धरून ठेवले तर चालेल का? ड्रम नकोच म्हणावं का? सभा रविवारी आहे. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, पण आकडे कागदावर लिहून खाली सही करून फोटो पाठवायला सांग. इंजिनियरची सही दिसली की आमचे लोक गप्प बसतात.

तुझी,
नंदा

ता. क. अव्याने तुझा नंबर मागितला, ‘मिलिंदरावांशी स्लॅबबद्दल बोलायला’ म्हणे. दिलेला नाही. देऊ का?