शनिवारच्या इंटरव्ह्यूंबद्दल, पूर्ण वाचा

मंडळी, शनिवारी फर्म्स येतायत, सीव्ही आज रात्रीपर्यंत टाका, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.

आता मुद्दा. मागच्या वर्षी एका फर्मने मुलींना विचारलं लग्न कधी करणार, आणि एकाला आडनाव, मूळ गाव असं करत करत जात काढायचा प्रयत्न केला. असलं काही झालं तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही, शांतपणे 'याचा कामाशी काय संबंध' म्हणा आणि बाहेर आल्या आल्या मला किंवा मॅडमना सांगा, तुमचं नाव कुठेही जाणार नाही. यंदा प्रत्येक फर्मकडून भेदभाव करणार नाही असं लेखी घेतलंय, मोडलं तर पुढच्या वर्षी कॅम्पसला एन्ट्री बंद.

'संविधानातलं भेदभावबंदीचं कलम १५ प्रायव्हेटला लागू नाही' असं कुणी ऐकवलं तर २०१९ चा ट्रान्सजेंडर कायदा दाखवा, त्यात ट्रान्सजेंडर व्यक्तींशी भरतीत भेदभाव करणं खासगी आस्थापनांनाही मना आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यानुसार समान संधी धोरणही त्यांना ठेवावं लागतं. (आपल्या नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला १८९२ लाच कायद्याची परीक्षा दिली, पण बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा आला १९२३ मध्ये!)

कुणाला तळमजल्यावरची खोली किंवा जास्तीचा वेळ लागणार असेल तर गुरुवारपर्यंत पर्सनलवर कळवा, ग्रुपवर नको.